‘परवा’ गेला की ‘परवा’ जाणार?

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. मजकूर थोडा आटोपशीर करून देते:

‘मी मूळची सांगली जिल्ह्यातली. गेल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत रुजू झाले, चौथीला शिकवते. महिनाभर खपून काळ शिकवला. मी, तू, तो, ती असा तक्ता करून घेतला, रोज म्हणून घेतला. चाचणीत “मी आंबा खातो, याचा भूतकाळ करा” असा प्रश्न होता. बावीसपैकी चौदा मुलांनी लिहिलं, “मी आंबा खाल्लो.” हीच मुलं मधल्या सुट्टीत “मी आंबा खाल्ला” असं अगदी बरोबर बोलतात! शिवाय “तो अभ्यास करून राहिला” असं लिहितात, ते मी लाल शाईने खोडते, पण पुन्हा तेच. मुख्याध्यापक म्हणतात, तीन काळ आणि त्यांचे चार-चार उपप्रकार असे बाराही तक्ते भिंतीवर लावा आणि पाठ करून घ्या, शिष्यवृत्तीला उपयोगी पडतील. माझं कुठे चुकतंय?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मुलं मधल्या सुट्टीत बरोबर बोलतात आणि वहीत चुकतात. म्हणजे त्या चौदा मुलांना भूतकाळ येतो, तक्त्याने तो बिघडवला आहे.

तक्ता आठवून पाहा. मी बसलो, मी उठलो, मी गेलो, मी पळालो. रोज सकाळी हे सुरात म्हटल्यावर मुलाच्या कानाने नियम काढला: ‘मी’ आला की शेवटी ‘लो’ लावायचा. मग खाण्याची पाळी आली तेव्हा त्याने इमानदारीने ‘खाल्लो’ लिहिलं. ही निष्काळजी मुलाची चूक नव्हे. तुम्ही दिलेला नियम त्याने मन लावून पाळला.

मराठीचा भूतकाळ दोन वाटांनी जातो, हे आपण मोठे विसरतो. पळणे, बसणे, झोपणे अशा क्रियापदांत क्रियापद पाहतं कर्त्याकडे: राजू पळाला, राधा पळाली. खाणे, वाचणे, तोडणे यांत ते पाहतं कर्माकडे: राजूने भाकरी खाल्ली, राधाने भात खाल्ला. राधा मुलगी, तरी ‘खाल्ला’, कारण भात पुल्लिंगी. आता यात ‘मी’ने काय घोळ घातलाय पाहा. ‘राजू’चा ‘राजूने’ होतो, ‘तो’चा ‘त्याने’ होतो, तेव्हा वाट बदलल्याची खूण कानाला लागते. ‘मी’ मात्र मीच राहतो. मी पळालो, मी आंबा खाल्ला. दोन्हीकडे ‘मी’ सारखाच, खूण काहीच नाही. आणि आपले सगळे तक्ते सुरू होतात ‘मी’पासूनच! भूतकाळ शिकवायला याहून निसरडी जागा शोधून सापडणार नाही.

म्हणून ‘मी’ आणि ‘तू’ थोडे दिवस बाजूला ठेवा. पोषण आहार आटोपल्यावर मुलं हात धुऊन येतात ना, तेव्हाच पाच मिनिटं घ्या. वही नको, नुसता फळा. विचारा, राजूने काय खाल्लं? खिचडी खाल्ली. राधाने? तिनेही खिचडी खाल्ली. घरी सकाळी? भात खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, शेंगदाणे खाल्ले, दोन पोळ्या खाल्ल्या. मुलं सांगतील तसं लिहीत जा. मग शेजारी दुसरा रकाना काढा: राजू पळाला, राधा पळाली, पोरं पळाली, वासरू पळालं. आणि फक्त विचारा, या दोन रकान्यांत काय वेगळं दिसतंय?

पुढे गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड असतं, पण बसा. माझ्या वर्गात एका मुलाने बराच वेळ फळ्याकडे बघून विचारलं होतं, “बाई, राधा तर पोरगी आहे, मग खाल्ला कसं?” मी उत्तर दिलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, “अरे, भात ना तो!” एवढंच. त्या चार शब्दांत आख्खा कर्मणी प्रयोग आला होता. प्रयोगाचं नाव त्या वर्गाला मी वर्षभर सांगितलं नाही, तुम्हीही चौथीत सांगू नका. हे त्यांनी एकदा स्वतः पाहिलं की मग ‘मी’ आणा. ‘मी भात खाल्ला’ म्हणताना मुलांना कळेल की ‘मी’ इथे नुसता उभा आहे, क्रियापद बोलतंय भाताशी.

तुमच्यापुरतं एक लक्षात असू द्या. काही क्रियापदं कर्म असूनही पहिल्याच वाटेने जातात. मी कविता शिकलो, मी वही विसरलो, तो पाणी प्यायला, ती खोटं बोलली. एखादं चौकस मूल यावर बोट ठेवेल. तेव्हा “बरोबर पकडलंस” म्हणा आणि अशा शब्दांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात जागा करून द्या. मूल शब्द गोळा करत राहतं. आपण होऊन मात्र ही यादी देऊ नका.

आता मुळाकडे येते. काळ शिकवायला सुरुवात कुठून करायची? पुस्तकं वर्तमानापासून करतात, कारण तो मधला आणि सोपा वाटतो. पण लहान बाळ बोलायला लागतं तेव्हा ऐका. काऊ गेला. मंमं संपलं. बाऊ झाला. माझी नात दीड वर्षाची होती तेव्हा तिच्या तोंडात पहिली क्रियापदं आली ती हीच, सगळी घडून गेलेली. जे झालं ते डोळ्यांसमोर पुरं झालेलं असतं, त्याला बोट लावता येतं. साध्या वर्तमानकाळाचा अर्थ त्यामानाने विरळ आहे. ‘मी आंबा खातो’ म्हणजे नेमकं कधी खातो? आत्ता? रोज? उन्हाळ्यात? मुलाला हे वाक्य हातात धरवत नाही. म्हणून कालपासून सुरू करा. काल काय झालं, मग उद्या काय होईल, मग रोज काय होतं, आणि शेवटी आत्ता काय चाललंय.

यासाठी मराठीने एक फार सुंदर शब्द आपल्या हातात दिला आहे: परवा. मी तिसरीला शिकवत होते तेव्हाची गोष्ट. हजेरी चालू होती, एक मुलगा आला नव्हता. त्याची दुसरीतली बहीण दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, दादा परवा मामाच्या गावाला...” आणि सगळा वर्ग बघतोय म्हणून लाजून थांबली. आख्खा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत राहिला. गेला? की जाणार? गेला असेल तर आज त्याची गैरहजेरी मामाच्या गावामुळे. जाणार असेल तर आज तो का आला नाही, हे वेगळंच. मग तिने ओढणीचं टोक तोंडातून काढून “...गेला” म्हटलं, आणि वर्गाने श्वास सोडला.

त्या दिवशी काळाचा धडा आपोआप झाला. दोन दिवसांपूर्वीचा दिवस परवा, दोन दिवसांनंतरचाही परवा. ‘काल’ आणि ‘उद्या’ हे शब्द असले की मूल त्यांच्याकडे बघून उत्तर देतं, क्रियापदाकडे बघतच नाही. ‘काल’ दिसला, लिही भूतकाळ. ‘परवा’ तशी सोय ठेवत नाही. सगळा भार क्रियापदावर येतो, आणि मुलाला वाक्याच्या शेवटापर्यंत वाट बघावी लागते. त्यानंतर मी दर वर्षी हाच खेळ घेत आले. वर्गाची एक भिंत ‘होऊन गेलं’ची, समोरची ‘व्हायचं आहे’ची. मुलं मधोमध उभी. “परवा बाजार भरला.” पळा! “परवा पाऊस येईल.” पळा! “परवा आत्याच्या घरी बारसं होतं.” पळा! क्रियापद कानावर पडेपर्यंत कुणी हलायचं नाही, एवढाच नियम. अधीर मुलं आधी पळतात आणि फसतात, दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यात लक्ष देऊन ऐकतात.

हा खेळ मुरला की एक दिवस त्यात गंमत घालायची. एका मुलाने पाणी प्यायला जायची परवानगी मागितली आणि दारातून ओरडला, “आलोच बाई!” मी वर्गाला विचारलं, हा कुठल्या भिंतीचा? अर्धी मुलं ‘होऊन गेलं’कडे धावली, कारण ‘आलो’. अर्धी समोर, कारण तो तर आत्ता जातोय, यायचा आहे अजून. वाद मधल्या सुट्टीपर्यंत पुरला. घरातून निघताना आपण ‘निघालो हं’ म्हणतो, पाय अजून उंबऱ्याच्या आत असतो. ‘उद्या येतो’ म्हणतो, रूप वर्तमानाचं, येणं उद्याचं. तुमच्या चौथीला शिवरायांचा इतिहास आहे. आग्र्याहून सुटका झाली १६६६ साली, तरी सांगताना आपण रंगात येऊन म्हणतो, “महाराज आजारी पडल्याचं सोंग घेतात.” क्रियापदाचं रूप एका काळाचं आणि घटनेची वेळ दुसऱ्या काळाची, असं भाषेत रोज होतं. चौथीच्या मुलाला हे समजतं, फक्त त्याच्या स्वतःच्या तोंडचं वाक्य उदाहरण म्हणून हवं.

आणि हे समजलं की तुमचा ‘करून राहिला’चा प्रश्न सुटतो. ताई, तो लाल पेन खाली ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘तो अभ्यास करून राहिला’, ‘पाऊस येऊन राहिला’ ही वऱ्हाड-नागपूरकडची चालू वर्तमानकाळाची नेहमीची रीत आहे. ‘राहिला’ हे रूप भूतकाळाचं दिसतं, काम करतं आत्ताचं, जसं ‘आलोच’ काम करतं पुढचं. तुमच्या सांगली-कोल्हापूरकडे ‘काय करालायस?’ म्हणतात, पुण्यात ‘काय करतोयस?’ म्हणतात, आणि पुस्तक म्हणतं ‘काय करत आहेस?’ चौघांनाही चालू क्रिया सांगायची आहे. मूल ‘येऊन राहिला’ म्हणतं तेव्हा अपूर्ण वर्तमानकाळ त्याला पक्का येतो. फक्त त्याचं पुस्तकातलं रूप अजून ओळखीचं नाही. तुम्ही खोडता तेव्हा तुम्हाला रूप खोडायचं असतं, पण मुलाला वाटतं आपल्या आईचं बोलणं खोडलं.

त्याऐवजी भिंतीवर एक कागद लावा. डावीकडे ‘घरी म्हणतो’, उजवीकडे ‘पुस्तकात लिहितो’. ‘पाणी येऊन राहिलं’ आणि समोर ‘पाणी येत आहे’. वर्गातल्या मुली ‘मी शाळेत आली’ म्हणत असतील, समोर ‘मी शाळेत आले’. बंजारा किंवा कोलाम घरांतली मुलं असतील तर त्यांच्या घरची भाषाच वेगळी, तेव्हा तिसरा रकाना काढा आणि तो त्यांच्याकडून भरून घ्या. तुमचं ‘करालायस’ही एका ओळीत लिहा, बाई पण घरी वेगळं बोलतात हे त्यांना दिसू द्या. जाता जाता सांगते, लातूर-सोलापूरकडे, कर्नाटकाच्या शिवेवर, मोठी माणसंही ‘मी काम केलो’ म्हणतात. म्हणजे ‘खाल्लो’ हे रूप मराठी तोंडाला अगदीच परकं नाही. पण तुमच्या मुलांच्या घरात ते नाही, तक्त्यातून आलं आहे. त्यामुळे ते मुलांच्याच बोलण्याकडे बोट दाखवून सहज निघून जाईल: “तू काल मैदानावर काय म्हणालास? तेच लिही.”

एक गोष्ट तक्त्यांत हमखास नसते, ती म्हणजे नकार. ‘तो येईल’ याला ‘नाही’ लावून बघा. ‘तो येईल नाही’ असं कुणी म्हणत नाही, ‘येणार नाही’ म्हणतो. चार-पाच वर्षांचं मूलसुद्धा यात चुकत नाही. ‘येईल’, ‘येणार आहे’ आणि ‘येतो’ हे तिन्ही पुढचंच सांगतात, पण बाबा ‘खाऊ आणीन’ म्हणाले की ‘आणणार आहे’ म्हणाले, यातला फरक मुलांना पक्का ठाऊक असतो, कारण त्यावर त्यांची संध्याकाळ अवलंबून असते. विचारून बघा, कुठल्या वाक्यावर जास्त भरवसा ठेवाल? चौथीची मुलं यावर जे बोलतील ते तुम्ही लिहून ठेवाल.

मुख्याध्यापकांशी भांडू नका. तक्ता लावा, पण वर्षाच्या शेवटी, आणि मुलांनी केलेला. आधी साधे तीन काळ दिवाळीपर्यंत घोटू द्या. मग अपूर्ण, मग पूर्ण, सर्वात शेवटी रीती, म्हणजे नेहमीची सवय सांगणारा. आणि ते ‘मी पत्र लिहितो, मी पत्र लिहीत आहे’ सोडून द्या. तुमच्या वर्गातल्या एकाही मुलाने पत्र लिहिलेलं नसेल. त्यांच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. आई कापूस वेचते. आई कापूस वेचत आहे. आईने कापूस वेचला आहे. आई कापूस वेचत असते. या चार वाक्यांत आई कुठे आहे, विचारा. दुसऱ्या वाक्यात ती शेतात आहे, तिसऱ्यात कापूस घरी आला आहे. चित्र काढायला सांगा, चार चौकटी. तिसऱ्या चौकटीत कुणी कापसाचा ढीग काढला, तर त्या मुलाला पूर्ण वर्तमानकाळ आला. चौथी चौकट अवघड, तिथे मुलं सूर्य, चंद्र, पुन्हा सूर्य असं काहीतरी काढतात, आणि तेही बरोबरच असतं.

रीती भूतकाळासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांसारखं साधन नाही. ‘आजी लहानपणी काय करायची?’ एवढा एक प्रश्न घरी विचारून यायला सांगा. पहाटे दळायची, नदीवरून पाणी आणायची, अनवाणी शाळेत जायची, आणि मग शाळा सुटली कशी तेही येईल. ‘करायची, जायची, म्हणायची’ अशी रूपं दहा-बारा वाक्यांत एकामागोमाग येतात. पुस्तक ज्याला ‘करीत असे’ म्हणतं ते हेच, हे मग एका वाक्यात सांगून होतं.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर ‘काळ ओळखा’ हा प्रश्न अशा मुलांना कठीण जात नाही. नावं पाठ करायला दोन आठवडे पुरतात, ती ज्याची नावं आहेत ते आधी माहीत असेल तर. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. मधल्या साडेपाचशे वर्षांत जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायांनी एकही तक्ता पाहिला नव्हता, आणि त्यांच्या ओवीत काळ कधी चुकला नाही. व्याकरणाबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच ते मुलांच्या बोलण्यानंतर यावं असं वाटतं.

इंग्रजीचे काळ याच मुलांना याच वर्षी शिकावे लागतात, त्याची घाई करू नका. इंग्रजीत खाणारा कोण आणि खाल्लं काय, यावरून भूतकाळाचं रूप बदलत नाही, तेव्हा आपल्या मुलांनी पार केलेली वाट त्याहून अवघड आहे. हे त्यांना सांगा, त्यांची भीती पुष्कळ कमी होते.

शेवटी एक काम सुचवते, कारण वेळ जुळून आली आहे. पोळा तीन आठवड्यांवर आलाय आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे तान्हा पोळा. सांगलीहून आलेल्या तुम्हाला तो नवा असेल. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, त्यांना खाऊ-पैसे मिळतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्धं पान लिहून घ्या: मी माझा बैल कसा सजवीन. (कुणी ‘सजवेन’ लिहिलं तर राहू द्या, नंतर बघता येईल.) वह्या गोळा करून कपाटात ठेवा. सण झाल्यावर त्याच पानाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर: मी माझा बैल कसा सजवला. मग मुलांनाच दोन्ही अर्धी शेजारी ठेवून वाचू द्या. रंगवीन म्हटलं होतं, रंगवला. झूल शिवीन म्हटलं होतं, शिवली नाही, आईला वेळ नव्हता. बेगड लावीन म्हटलं होतं, बेगड लावली पण फाटली. प्रत्येक क्रियापदापाशी मूल थांबेल, कारण तिथे काहीतरी खरोखर बदललेलं आहे.

चाचणीतल्या त्या चौदा उत्तरांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते मनात असणार. पेपर परत द्या आणि प्रत्येकाला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. “मी आंबा खाल्लो” असं स्वतःच्या आवाजात ऐकलं की बहुतेक जण स्वतःच हसतील आणि दुरुस्त करतील. केलं की पूर्ण गुण द्या.

आणि तान्ह्या पोळ्याच्या वह्या आल्या की त्यातली दोन पानं मला पाठवा. मुलांनी लिहिली तशीच, न सुधारता.

तुमची,
सदरलेखिका